सोडण्याआधी दुसऱ्या मशीनवर

नारायण पेठेत एक जुनं वाचनालय आहे. लाकडी जिना, वर दोन खोल्या, खिडकीशी ग्रंथपालबाईंचं टेबल. त्या टेबलावर आमचं सॉफ्टवेअर चालतं: दाखलनोंद, सभासद, देवघेव, अनामत, दंड. पायथनमध्ये लिहिलेलं, स्क्रीनसाठी क्यूटी, माहिती साठवायला एसक्यूलाइट. मुक्तस्रोत आहे. आम्ही सात-आठ जण नोकऱ्या सांभाळून ते करतो आणि आता पुण्याबाहेरचीही काही वाचनालयं ते वापरतात. मी पोटापाण्यासाठी टेस्टिंगच करते, म्हणून रिलीजआधीचे, म्हणजे नवी आवृत्ती लोकांना देण्याआधीचे, दोन आठवडे माझ्याकडे असतात.

नवीन कुणी मदतीला आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, नेमकं काय तपासू?" दोन दिवसांनी निरोप येतो, "विंडोजवर चाललं, उबंटूवर चाललं, मॅकवर चाललं." हे करावं लागतंच. पण आमचे सगळ्यात वाईट बग यातल्या कुठल्याच एका सिस्टीमवर नव्हते, ते वाटेत होते. बाई विंडोजवर नोंद करतात, कार्यवाह घरी मॅकवर अहवाल उघडतात, बॅकअप मागच्या खोलीतल्या उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्या मशीनवर, जातो. माहिती या तिघांमध्ये फिरते आणि फिरताना बिघडते. म्हणून मी मुख्यतः हा प्रवास तपासते. तो कसा तपासायचा, ते इथे सांगते.

मशीन कुठली घ्यायची

आपल्याला आवडतात ती नकोत, लोकांच्या टेबलावर आहेत ती हवीत. आम्ही वाचनालयांना फोन करून विचारलं. बहुतेक ठिकाणी विंडोज १० निघालं. त्याचा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण म्हणून ती मशीन कुणी उचलून ठेवलेली नाहीत. त्यामुळे आमच्या यादीत विंडोज १० आणि ११, लिनक्सपैकी उबंटू २२.०४ आणि २४.०४, डेबियन १२, एक इंटेलचा मॅक आणि एक ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक, एवढी मशीन आहेत. याहून जास्त झेपत नाहीत, आणि न झेपणारी यादी करून निम्मी सोडण्यापेक्षा छोटी यादी पुरी करणं बरं.

विंडोज आणि लिनक्स मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ठेवते, म्हणजे माझ्याच कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये. मॅकचं तसं जमत नाही. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचं तर खालचं यंत्रही ॲपलचंच लागतं, त्यामुळे ओळखीतल्या कुणाचा तरी मॅक दोन संध्याकाळी मागून घ्यावा लागतो. आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. शिवाय एक खरंखुरं जुनं मशीन हवंच. माझ्याकडे तपकीर गल्लीतून घेतलेला ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, फिरत्या हार्ड डिस्कचा, १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनचा. 'जतन करा' हे बटण टास्कबारच्या खाली लपतं, हे आम्हाला त्याच लॅपटॉपने दाखवलं.

व्हर्च्युअल मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम बसली की लगेच, पायथन किंवा फाँट काहीही न टाकता, स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन करा, आणि प्रत्येक फेरी त्या कोऱ्या स्नॅपशॉटपासून सुरू करा. प्रोग्रॅमरच्या मशीनवर सगळं आधीच असतं, त्यामुळे तिथे काय कमी पडतंय ते कळतच नाही. आमचं लिनक्सचं पॅकेज एकदा उबंटू २४.०४ वर बांधलं गेलं आणि २२.०४ वर सुरूच झालं नाही. कारण साधं होतं: लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्या मूळ लायब्ररीवर चालतात ती जीलिबसी २४.०४ मध्ये २.३९ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही, जुन्यावर बांधलेलं बहुधा नव्यावर चालतं. तेव्हापासून बिल्ड नेहमी यादीतल्या सगळ्यात जुन्या सिस्टीमवर.

स्वयंचलित तपासणी तर हवीच. सार्वजनिक प्रकल्पाला गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, विंडोज, मॅक आणि लिनक्सची मशीन त्यासाठी फुकट मिळतात. प्रत्येक बदलाला तिन्हीकडे चाचण्या पळू द्या. तिचा एक फायदा माझ्या लक्षात उशिरा आला. तिथली घड्याळं जागतिक प्रमाणवेळेवर असतात. परतीची तारीख आम्ही त्या दिवशीच्या रात्री बाराची वेळ म्हणून साठवत होतो. पुण्यातले रात्रीचे १२ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६:३०. चाचणीत १५ तारखेची मुदत १४ दिसली आणि सगळे म्हणाले, चाचणीच चुकली असेल. चुकला होता आमचा प्रोग्रॅम. घड्याळ भारतीय वेळेच्या मागे असलेल्या कुठल्याही मशीनवर सभासदाला एका दिवसाचा जादा दंड लागला असता. ज्या दिवसाला वेळ नाही तो नुसती तारीख म्हणूनच साठवायचा.

'दुसऱ्या' हा शब्द

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. चाचणीसाठी "टेस्ट १, टेस्ट २" अशा नोंदी करू नका, खरी मराठी नावं घाला. माझ्या नमुना डेटाबेसमधलं पहिलं पुस्तक 'दुसऱ्या दिवशी' या नावाचं आहे. असं पुस्तक नाही, ते मी या कामासाठीच केलं आहे. या एका शब्दाने आमचे जितके बग पकडले तितके माझ्या बाकीच्या सगळ्या चाचण्यांनी मिळून पकडले नसतील.

कारण 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून र दाबला की तोच येतो, पुढे हलन्त आणि य. ही पहिली तऱ्हा. दुसरी म्हणजे ऱ फोडून केलेला साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे ठिपका. तिसरी काही फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायच्या, कीबोर्डांची: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसतच नाही, आणि मग य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते तीन वेगळे शब्द.

वाचनालयात हे असं समोर आलं. बाईंनी इनस्क्रिप्टमध्ये पुस्तक चढवलं. संध्याकाळी बसणाऱ्या मुलाने फोनेटिकमध्ये शोधलं. "नाहीये आपल्याकडे," म्हणाला. पुस्तक त्याच्या पाठीमागच्या कपाटात होतं. सभासद परत गेले. बाईंनी मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "अगं, मला दिसतंय आणि त्याला दिसत नाही, हे कसं?"

युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणायची रीत, लावलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही, युनिकोडच्या लेखी ती वेगळीच आहे. तिच्यासाठी शोधाच्या आधी आपला स्वतःचा नियम लिहावा लागतो. 'ॲ'चंही असंच. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि अजूनही कितीतरी कीबोर्ड तसंच लिहितात. हे दोन्हीही नॉर्मलायझेशनने एक होत नाहीत. तेव्हा चाचणी अशी करा: एकच नाव प्रत्येक सिस्टीमच्या स्वतःच्या मराठी कीबोर्डवर टाइप करून नोंदवा, मग प्रत्येक नोंद बाकीच्या सिस्टीमांवरून शोधा. कॉपी-पेस्ट करायचं नाही, बोटांनीच टाइप करायचं. याच निमित्ताने पॅकेज केलेल्या प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप तरी होतं का, तेही कळतं. लिनक्सवर मराठी टायपिंग सांभाळणाऱ्या आयबसशी बोलणारा क्यूटीचा भाग पॅकेजमधून गळला, तर बाकी सगळं उत्तम चालतं आणि मराठीचं एक अक्षर उमटत नाही.

फाइलींच्या नावांनाही हाच शब्द द्या. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल पद्धत नावं फोडलेल्या रूपातच साठवायची. २०१७ पासूनची एपीएफएस दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते. एका जुन्या मॅकवरून मुखपृष्ठांचे फोटो झिप होऊन उबंटूवर आले, आणि नावात ऱ असलेली तेवढीच मुखपृष्ठं कोरी आली. डेटाबेसमध्ये नाव पहिल्या तऱ्हेचं, फोल्डरमध्ये दुसऱ्या. वापरकर्त्याचं नाव मराठीत असलेलं एक खातंही विंडोजवर करून ठेवा. प्रोग्रॅमचा सगळा मार्ग मग त्या मराठी फोल्डरमधून जातो आणि जिथे कुणी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, सांगायला विसरलं असेल तिथे अडतो. विंडोजवर पायथन फाइल उघडताना यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग धरून चालेलच असं नाही. एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की इशारा देणारा पर्याय पायथन ३.१० पासून आहे, चाचण्या पळवताना तो चालू ठेवा.

यादीचा क्रमही बघा. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी, ह च्या नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो आणि क्ष क मध्येच जातो. क्रम लावायचं काम सिस्टीमवर सोडलं तर 'काव्य' आणि 'काळ' यांतलं आधी कोण, याचं उत्तर मशीनगणिक बदलू शकतं. बाईंच्या छापील यादीशी ताडून पाहा.

आकड्यांचा बग मात्र आम्ही स्वतःच ओढवून घेतला होता. दंडाच्या रकान्यात कुणी '५' देवनागरीत लिहिला तर पायथन तो आकडा म्हणून बिनतक्रार स्वीकारतो. आम्ही तपासणी पायथनमध्ये केली आणि साठवला मात्र जसाच्या तसा मजकूर. महिन्याची बेरीज करताना एसक्यूलाइटला देवनागरी आकडे कळत नाहीत, तो शून्य धरतो. पावती बरोबर, अहवाल चूक.

पेनड्राइव्हने फसवलं ते

दोन वर्षांपूर्वीचा रिलीज मी सगळीकडे पेनड्राइव्हने नेऊन बसवला. नेट हळू होतं, वेळ वाचला. सगळीकडे झकास उघडला. जाहीर केला आणि पहिल्याच संध्याकाळी तीन फोन आले: विंडोज धोक्याच्या इशाऱ्याची निळी पाटी दाखवतंय, मॅक उघडूच देत नाही. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज आणि मॅक दोघेही 'ही बाहेरून आलेली आहे' अशी खूण लावतात. विंडोजची ती खूण एनटीएफएस या फाइल पद्धतीवर टिकते, एक्सफॅटवर नाही. माझी पेनड्राइव्ह एक्सफॅटची होती आणि बिल्डच्या फोल्डरमधून थेट कॉपी केलेल्या फाइलला खूण मुळात लागलेलीच नव्हती. मी तपासलं ते एक, लोकांना मिळालं ते दुसरंच.

म्हणून बसवायची फाइल कायम लोक जिथून घेणार तिथूनच, ब्राउझरने उतरवा. मॅकवर याला आणखी महत्त्व आलं आहे. ॲपलकडून नोटराइझ न झालेला, म्हणजे ॲपलने तपासून शिक्का न दिलेला, प्रोग्रॅम पूर्वी कंट्रोल धरून क्लिक करून उघडता यायचा. २०२४ च्या सेक्वोयापासून ती वाट बंद झाली. आता सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'ओपन एनीवे' दाबावं लागतं. वर्षाला ९९ डॉलर भरून ॲपलच्या डेव्हलपर योजनेचे सभासद झालो तर नोटराइझ करता येतं. आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, म्हणून आम्ही चित्रांसकट मराठीत पायऱ्या लिहून दिल्या आहेत, आणि दर रिलीजला त्या पायऱ्याही त्याच क्रमाने करून पाहतो.

फेरी

आता मूळ चाचणी. हिला आम्ही 'फेरी' म्हणतो आणि ती शनिवारी सकाळी लागते, कारण चार-पाच तास जातात.

कोऱ्या विंडोजवर आधी मागची आवृत्ती बसवायची, नवी नाही. तिच्यात दोनशे पुस्तकं, चाळीस सभासद, थोडी देवघेव. मग नवी आवृत्ती वरून बसवायची. लोक असंच करतात. नोंदींची संख्या, थकीत दंड आणि बाहेर गेलेली पुस्तकं हे तीन आकडे वहीत लिहून ठेवायचे. मग बॅकअप घेऊन उबंटूवर परत आणायचा, तिथे दोन पुस्तकं द्यायची, एक परत घ्यायचं. पुन्हा बॅकअप, मॅकवर. तिथे एक सभासद वाढवायचा. मग पुन्हा विंडोजवर. शेवटी वहीतल्या आकड्यांत मधले बदल मिळवून ताळा जमतो का पाहायचं.

या फेरीत काय काय सापडलं? लिनक्सवर घेतलेल्या बॅकअपच्या नावात वेळ होती, १०:३० अशी. विंडोजला फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके चालत नाहीत, त्यामुळे ती फाइल तिथे पोचलीच नाही. बॅकअप परत आणताना आम्ही चालू डेटाबेसच्या जागी नवा ठेवत होतो. लिनक्सवर ते होऊन जातं, विंडोज उघडी फाइल बदलू देत नाही. 'चित्र' फोल्डरमधल्या एका फाइलच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर मोठं आणि प्रोग्रॅममध्ये लहान. विंडोज आणि मॅकने चालवून घेतलं, लिनक्सने नाही.

एक्सेलसाठी काढलेली सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, वेगळीच गंमत दाखवते. यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही अदृश्य खूण नसेल तर विंडोजवर एक्सेलमध्ये डबलक्लिक केल्यावर मराठीचा चुरा दिसतो. म्हणून आम्ही खूण घातली. मग तीच फाइल उबंटूवर आयात करताना 'दाखल क्रमांक' हा रकानाच सापडेना, कारण ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून बसली होती. लिहिताना खूण घालायची आणि वाचताना काढायची, दोन्ही हवं. एकाच मशीनवर हे कधीच कळलं नसतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी सांगते. एसक्यूलाइट 'वॉल' (WAL) नावाच्या पद्धतीत चालू असेल तर ताज्या नोंदी मुख्य फाइलमध्ये लगेच जात नाहीत, शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये थांबतात. प्रोग्रॅम चालू असताना कुणी नुसती मुख्य फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली, तर शेवटची देवघेव मागे राहते. आणि लोक तसं करतात, बाईही करत होत्या, कारण ते सोपं दिसतं. आता बॅकअपचं बटण एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय वापरतं आणि आम्ही ते बटण पहिल्याच पडद्यावर मोठं करून ठेवलं आहे. फेरीत मी मुद्दाम फाइल हातानेही उचलून बघते आणि प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर नीट इशारा देतो की नाही ते तपासते.

वीज गेल्याचीही चाचणी करा. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि वाचनालयात यूपीएस नाही. व्हर्च्युअल मशीन बंद करताना सभ्यपणे शटडाउन न देता थेट पॉवर ऑफ करा, तेही बरोबर 'पुस्तक दिलं' दाबल्या क्षणी. दहा वेळा करा. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू केल्यावर ते पुस्तक एक तर पूर्ण दिलेलं असावं, नाहीतर अजिबात दिलेलं नसावं. मधली कुठलीही अवस्था दिसली तर रिलीज थांबवा.

छपाई आणि बारकोडच्या चिकटपट्ट्या प्रत्येक सिस्टीमवर एक-एक पान काढून पाहा, तेवढं पुरतं.

बग लिहायचा कसा

"बॅकअप होत नाही" एवढं लिहून पाठवू नका. त्या वेळी समोर काय काय होतं ते लिहा. मला मिळालेला एक चांगला निरोप असा होता (आरसी म्हणजे रिलीजआधी तपासायला दिलेली आवृत्ती): "विंडोज ११, वापरकर्त्याचं नाव मराठीत. २.४ आरसी १, रिलीज पानावरून उतरवलेली. 'बॅकअप घ्या' दाबलं, डेस्कटॉप निवडला. खाली हिरवी पट्टी पूर्ण झाली, पण डेस्कटॉपवर फाइल नाही. इंग्रजी नावाच्या खात्यातून केलं तर येते." लिहिणारी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि हा तिचा पहिलाच बग होता. शेवटच्या ओळीने प्रोग्रॅमरचा अख्खा दिवस वाचवला. हेच दुसरीकडे कुठे होत नाही, ते सांगणं निम्मं काम असतं.

काय सापडलं तर थांबायचं हे आम्ही आधी ठरवतो, शेवटच्या रात्री नाही. नोंद हरवली, चुकीची झाली किंवा जुन्या आवृत्तीवरून येता आलं नाही तर थांबायचं. मराठी टाइप होत नसेल तरी थांबायचं, यावर वाद झाला होता, पण मी हटले नाही. बटण वाकडं, रंग फिका, हे पुढच्या वेळी. आरसी निघाल्यावर पडद्यावरचा मजकूरही बदलायचा नाही, भाषांतर करणाऱ्यांची मेहनत वाया जाते.

आणखी एक. आरसी तपासून झाल्यावर कुणी "एकच ओळ बदलली" म्हणून पुन्हा बिल्ड केला, तर तो नवीन बिल्ड आहे. छोटी का होईना, फेरी पुन्हा.

रिलीजच्या संध्याकाळी आम्ही फाइली चढवतो, पण लगेच कुणाला कळवत नाही. आधी मी घरचं नेट सोडून फोनच्या हॉटस्पॉटवरून त्या उतरवते, प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारी तिची ओळख, पानावरच्या आकड्याशी ताडते आणि कोऱ्या स्नॅपशॉटवर बसवते. मग नमुना डेटाबेस उघडून शोधाच्या चौकटीत 'दुसऱ्या' टाइप करते, आधी इनस्क्रिप्टने, मग फोनेटिकने. दोन्ही वेळा तेच पुस्तक आलं की गटावर लिहिते, "कळवा आता सगळ्यांना," आणि पहिला फोन नारायण पेठेत बाईंना करते.